पाण्यावरची साय

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे यवतमाळचा मुलूख लागतो आणि अलीकडच्या गावांतूनही मराठी सहज कानी पडते. हैदराबाद राज्याच्या काळात किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात मोडत असत. १९५६ साली भाषावार पुनर्रचना झाली आणि ते मुंबई राज्यात आले. पुढे २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. माणसांनी आखलेल्या सीमा अशा वारंवार हलल्या. पाण्याची वाट मात्र हलली नाही. पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहिता या नद्यांच्या ओंजळीतून गोदावरीला मिळते, आणि दक्षिणेकडची कडेम नदी थेट गोदावरीत उतरते.

या कडेम नदीवर नेरडिगोंड्याजवळ कुंटाला नावाचा धबधबा आहे. सुमारे १५० फुटांवरून नदी खडकांच्या पायऱ्यांवर कोसळते. महाशिवरात्रीला तेथील सोमेश्वराच्या दर्शनासाठी भाविकांची गर्दी लोटते. पावसाळ्यात धबधब्याखालील डोहावर दृष्टी टाकली, तर दोन प्रकारची शुभ्रता दिसते. कोसळणाऱ्या धारेखाली पाणी दुधासारखे पांढरे असते. ती शुभ्रता पाण्यात कोंडलेल्या असंख्य बुडबुड्यांची. ती क्षणात उमटते आणि क्षणात विरते. पण थोडे पुढे, खडकांच्या कपारींत, किंचित पिवळसर असा फेस साचून राहतो आणि तो बराच वेळ मोडत नाही. पहिली शुभ्रता म्हणजे नदीचा श्वास होय. दुसरी शुभ्रता हे त्या श्वासावर पडलेल्या एका अत्यंत पातळ पडद्याचे चिन्ह आहे. हा पडदा कोणता आणि तो काय करतो, हे उमगण्यास विज्ञानाला जवळजवळ दोन शतके लागली.

जलचरांना लागणारा प्राणवायू पाण्यात फार थोडा मावतो. एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. शिवाय तो पाण्यात शिरतो अतिशय मंद गतीने. स्तब्ध पाण्यात प्राणवायूच्या रेणूंना एक सेंटिमीटर अंतर पार करण्यास कित्येक तास लागतात. अंतर शंभरपट झाले म्हणजे काळ शंभरपट न होता दहा हजारपट होतो, त्यामुळे एक मीटर खोलीपर्यंत पोचण्यास वर्षांमागून वर्षे लोटतील. नद्या आणि तलाव जिवंत राहतात ते पाणी ढवळले जाते म्हणून. पृष्ठभागावरचे तृप्त पाणी खाली जाते, तळचे भुकेले पाणी वर येते आणि नव्याने हवेला भिडते. एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात द्रव्य जाण्याच्या या व्यापाराला रासायनिक अभियांत्रिकीत वस्तुमान-संक्रमण म्हणतात. पृष्ठभाग जितक्या त्वरेने नवा होईल तितके हे संक्रमण वेगाने घडते, हा विचार १९३५ साली हिग्बी या अमेरिकन संशोधकाने मांडला आणि १९५१ साली केंब्रिजच्या पीटर डँकवर्ट्‌स यांनी त्याला अधिक व्यापक रूप दिले.

परंतु पृष्ठभाग नवा होण्यास अडथळा आला तर? या प्रश्नाचा धागा बराच मागे जातो. समुद्रावर तेल ओतले असता लाटा निवतात, हे खलाशांना प्राचीन काळापासून ठाऊक होते. बेंजामिन फ्रँकलिन याने लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल टाकले, तेव्हा सुमारे अर्ध्या एकरावरचे पाणी आरशासारखे नितळ झाले. हा वृत्तान्त १७७४ साली प्रसिद्ध झाला. एवढेसे तेल इतके दूर पसरले तर त्याचा थर किती पातळ असेल, हा हिशेब मात्र फ्रँकलिनने मांडला नाही.

तो हिशेब मांडला लॉर्ड रॅले यांनी, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेले साधन मराठी घरातील देव्हाऱ्यात सापडेल. स्वच्छ भांड्यातील स्वच्छ पाण्यावर कापराचे बारीक कण टाकले, तर ते जिवंत असल्यासारखे गरगर फिरू लागतात. कापूर विरघळताना एका बाजूचा पृष्ठताण कमी होतो आणि दुसऱ्या बाजूचा अधिक ताण कणाला आपल्याकडे खेचतो. त्या पाण्याला तेलकट बोट नुसते टेकविले की नाच थांबतो. रॅले यांनी १८९० साली सुमारे ८४ सेंटिमीटर व्यासाच्या पात्रात हा नाच थांबविण्यास किती तेल पुरते ते तोलून पाहिले. उत्तर आले एक मिलिग्रॅमहूनही कमी. त्यावरून थराची जाडी निघाली एका मिलिमीटरच्या सुमारे सहा लाखाव्या भागाइतकी, म्हणजे जेमतेम एका रेणूच्या उंचीची.

पुढल्याच वर्षी, जानेवारी १८९१ मध्ये, रॅले यांच्याकडे जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावाहून एक पत्र आले. लिहिणाऱ्या बाईंचे नाव आग्नेस पोकेल्स. विद्यापीठाचे दार त्यांना उघडलेले नव्हते. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि स्वयंपाकघरातील कामे सांभाळून त्यांनी धातूचे एक उथळ पात्र, आडवी पट्टी आणि लहानसा तराजू एवढ्या सामग्रीने पाण्याच्या पृष्ठभागावरील मळाचा अभ्यास केला होता. पट्टी सरकवून पृष्ठभागावरचा मळ दाटविला, की एका ठराविक मर्यादेपुढे पृष्ठताण एकाएकी उतरतो, हे त्यांनी मोजले होते. रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे आपल्या शिफारशीसह धाडले आणि मार्च महिन्यात ते छापून आले. आजही प्रयोगशाळांतून वापरल्या जाणाऱ्या पृष्ठथर-पात्राचे मूळ त्या भांड्यात आहे. १९१७ साली आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी या थराची रचना उलगडली. अशा द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून असते, तर दुसरे पाण्यापासून दूर पळते. म्हणून असे रेणू पाण्याच्या सीमेवरच, शेतातील ताटांसारखे, उभे राहतात. साबण असाच. शिकेकाई आणि रिठा यांच्या फळांतील फेसाळ द्रव्येही त्याच जातीची. वनस्पती कुजून पाण्यात उतरणारी काही द्रव्ये या कुळातलीच, आणि कुंटालाच्या कपारीतील फेस टिकतो तो बहुतांशी अशांच्या बळावर. या साऱ्यांना मिळून पृष्ठसक्रिय द्रव्ये असे नाव पडले.

तोपर्यंत दुसऱ्याच एका दिशेने एक कोडे उभे राहिले होते. द्रवातून पडणाऱ्या बारीक घन गोळीचा वेग किती, याचे गणित केंब्रिजच्या स्टोक्स यांनी १८५१ साली सोडविले होते. १९११ साली फ्रान्सचे आदामार आणि पोलंडचे रिबचिन्स्की यांनी एकमेकांशी संबंध नसता थेंब आणि बुडबुडे यांचे गणित केले. थेंब घन नसतो. त्याची कातडी भोवतालच्या प्रवाहासंगे मागे सरकते आणि त्याच्या पोटातला द्रव फिरू लागतो. म्हणून त्याला विरोध कमी होतो. बुडबुडा तर त्याच आकाराच्या आणि त्याच ओढीने चाललेल्या घन गोळीच्या दीडपट वेगाने वर चढला पाहिजे. गणित निर्दोष होते. परंतु प्रयोगात लहान बुडबुडे दीडपट वेगाने चढण्याचे नावच घेईनात. ते हट्टी मुलांसारखे घन गोळीच्याच चालीने चालत. १९२८ साली इंग्लंडमध्ये बाँड आणि न्यूटन (हा न्यूटन अर्थातच निराळा) यांनी ही विसंगती काळजीपूर्वक नोंदविली आणि पृष्ठताणाकडे बोट दाखविले. पण कारणाची साखळी पुरी जुळली नाही.

ती जुळविली मॉस्कोच्या फ्रुमकिन आणि लेविच यांनी १९४७ मध्ये. त्यांचे म्हणणे असे: कितीही शुद्ध समजलेल्या पाण्यात पृष्ठसक्रिय द्रव्याचा लवलेश असतोच. बुडबुडा वर चढू लागला की त्याच्या कातडीला चिकटलेले हे रेणू प्रवाहाबरोबर खाली लोटले जातात आणि त्याच्या तळाशी दाटी करतात. त्यामुळे तळाशी पृष्ठताण उणावतो आणि माथ्याशी तो अधिक राहतो. अधिक ताणाची बाजू कमी ताणाच्या बाजूला आपल्याकडे ओढते. तेव्हा कातडी खालून वर खेचली जाते. प्रवाह तिला वरून खाली ढकलीत असतो. दोन्ही ओढी तुल्यबळ झाल्या की कातडी जागच्या जागी थिजते, आणि हवेचा बुडबुडा काचेच्या गोळीसारखा वागू लागतो. ताणातील फरकामुळे पृष्ठभाग वाहतो हे तत्त्व नवे नव्हते. मद्याच्या प्याल्याच्या कडांवर जे थेंब ओघळतात त्यांचे कारण म्हणून जेम्स थॉमसन यांनी १८५५ साली आणि इटलीच्या मारांगोनी यांनी १८६५ साली ते सांगितले होते. त्याच तत्त्वाने बुडबुड्याला लगाम घातला जातो, हे मात्र आता प्रथमच स्पष्ट झाले.

प्रश्न केवळ वेगाचा असता तर तो विद्वानांच्या वादापुरताच राहिला असता. पण कातडी थिजली की तिच्यालगतचे पाणी नवे होईनासे होते, आणि प्राणवायूला पाण्यात शिरण्यासाठी एका सुस्त थरातून वाट काढावी लागते. त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरमागे होणारे संक्रमण निम्म्यावर, प्रसंगी चौथाईवरही येते. थेंबांच्या बाबतीत हानी दुहेरी असते. एका द्रवाच्या थेंबांतून दुसऱ्या द्रवात औषध किंवा धातू उतरवून घ्यावयाचा, तर थेंबाच्या पोटातील फिरतेपण फार उपयोगी पडते; ते ताजा द्रव सतत कातडीशी आणून सोडते. पृष्ठसक्रिय द्रव्य आले की हे चक्र थांबते आणि थेंब आतून व बाहेरून असा दोन्हीकडून निवांत होतो.

तरीही या द्रव्यांना सरसकट दोष देणे न्याय्य ठरणार नाही. त्यांची दुसरी बाजू अशी, की ती बुडबुड्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. एक लिटर हवा एक सेंटिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरहून थोडा अधिक भरतो; तीच हवा एक मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर तो सहा चौरस मीटर होतो. म्हणजे दर वीतभर जागेची फळी अरुंद झाली, तरी फळ्यांची संख्या दसपट वाढते. अंती लाभ होतो की तोटा, हे द्रव्य कोणते, किती आणि पाणी कसे ढवळले जात आहे, यावर ठरते. म्हणूनच पृष्ठभाग किती आणि त्यातून संक्रमणाचा वेग किती, हे दोन्ही निरनिराळे मोजण्याची गरज उत्पन्न झाली.

या मोजणीच्या इतिहासात मुंबईचे स्थान मानाचे आहे. माटुंग्याचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग मुंबई विद्यापीठाने १९३३ साली सुरू केला. २००८ पासून तो स्वतंत्र अभिमत विद्यापीठ म्हणून ओळखला जातो. तेथे शिकलेले, मूळचे जोधपूरचे मनमोहन शर्मा हे केंब्रिजला डँकवर्ट्‌स यांच्याकडे गेले. हे डँकवर्ट्‌स म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, लंडनवर पडलेले न फुटलेले सुरुंग निकामी करून जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळविलेले गृहस्थ. १९६४ साली डॉक्टरेट घेऊन शर्मा माटुंग्याला परतले, ते अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक म्हणून. लक्षावधी बुडबुड्यांचा पृष्ठभाग डोळ्यांनी मोजता येत नाही. म्हणून द्रवात असे एखादे रसायन घालावयाचे, की सीमा ओलांडणारा वायू त्याच्याशी तत्काळ संयोग पावेल. मग किती वायू खर्च झाला यावरून किती पृष्ठभाग उपलब्ध होता ते काढावयाचे. शर्मा आणि डँकवर्ट्‌स यांनी या रासायनिक पद्धतींची जी मांडणी केली तिला जगभर मान्यता मिळाली. १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने शर्मा यांना सदस्य करून घेतले.

या मोजमापांचे मोल समजण्यासाठी पेनिसिलीनचे उदाहरण पुरेसे आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. पेनिसिलीन देणारी बुरशी प्रचंड टाक्यांतून वाढविली जाते आणि तिला अहोरात्र हवेचे बुडबुडे पुरवावे लागतात. अशा टाकीतील रसात प्रथिने असतात, म्हणून तो फेसाळतो. फेस वर येऊन वाया जाऊ नये यासाठी तेल किंवा तत्सम फेसनाशक घालावे, तर लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि प्राणवायूचा पुरवठा घटतो. न घालावे तर फेस टाकीबाहेर वाहतो. या तंत्रातील सारे कौशल्य त्या दोहोंमधील मार्ग शोधण्यात असते.

पाण्यावरच्या सायीचा सदुपयोग करण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रात झाला. १९५० साली उघडलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास जलाशयांचे बाष्पीभवन रोखण्यासाठी लांब साखळीच्या अल्कोहोलांचे एकरेणवी थर तपासले गेले. जी साय प्राणवायूला आत येताना अडविते तीच वाफेलाही बाहेर पडू देत नाही, असा हा विचार. प्रयोगशाळेत तो चांगला उतरला. उघड्या तलावावर मात्र वारा ही साय एका काठाला लोटून देतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो अशा आदिलाबादसारख्या भागाला या कल्पनेचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु वाऱ्यावर विजय मिळाल्यावाचून ती मोठ्या जलाशयावर टिकणार नाही.

माणसाच्या हातून पाण्यावर जी साय खरोखर पसरली, ती मात्र कोणी हेतुपूर्वक पसरविली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत साबणाची जागा कृत्रिम धुलाई चूर्णांनी घेतली. त्यांतील द्रव्याच्या रेणूला फांद्या होत्या आणि जंतूंना तो पचत नसे. इंग्लंड आणि जर्मनी येथील नद्यांवर, बंधाऱ्यांखाली, माणसाहून उंच असे फेसाचे ढिगारे दिसू लागले. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत तर या द्रव्याने दुहेरी अपाय केला: जंतूंना ते खाता येईना आणि त्यांना मिळणारा प्राणवायूही त्याने अडविला. पश्चिम जर्मनीने १९६१ साली यावर कायदा केला, आणि १९६५ च्या सुमारास अमेरिकन उत्पादकांनी फांद्या नसलेला, जंतूंना पचणारा रेणू स्वीकारला. भारतात सर्फ हे चूर्ण १९५९ साली आले आणि १९६९ साली अहमदाबादेत निर्माचा आरंभ झाला. त्यानंतर धुलाई चूर्ण खेड्यापाड्यांत पोचले.

पचणारा रेणू आला म्हणजे नदीवरचे संकट टळले, असा समज होणे साहजिक आहे. पण तो अपुरा आहे. रेणू पचविण्यासाठी जंतूंना वेळ हवा, शुद्धीकरण केंद्र हवे आणि मुख्य म्हणजे प्राणवायू हवा. सांडपाणी तसेच नदीत सोडले, तर त्यातील मळ कुजताना नदीतला प्राणवायू खर्च होतो, आणि त्याच सांडपाण्यातील पृष्ठसक्रिय द्रव्ये नव्या प्राणवायूची वाट मंदावतात. खर्च वाढतो आणि मिळकत आटते. सांडपाण्यात हवा फुंकणाऱ्या अभियंत्यांना याचा रोखठोक हिशेब ठेवावा लागतो. बारीक बुडबुड्यांच्या यंत्रणेतून स्वच्छ पाण्यात जेवढा प्राणवायू उतरतो त्याच्या निम्म्याच्या आसपासच तो पुष्कळदा सांडपाण्यात उतरतो. तेवढी वीज अधिक जाळावी लागते. ती जाळण्याची ऐपत नसलेल्या गावाची नदी हा भार आपल्याच श्वासातून फेडते.

या व्यवहाराचे दर्शन मराठी माणसाला आळंदीस घडले. इंद्रायणीच्या पात्रावर २०२४ साली पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसले. ज्या पाण्यात स्नान करून वारकरी माउलींच्या समाधीचे दर्शन घेतात, त्या पाण्यावर कारखाने आणि नगरे यांच्या सांडपाण्याची खूण तरंगत होती. फेस हा मूळ रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण होय. फेसनाशक फवारून तो नाहीसा करता येतो, पण पाण्याखालचा माशांचा कोंडमारा त्याने कमी होत नाही. किंबहुना फेस दिसत होता म्हणून निदान विचारणा तरी झाली. फेसावाचूनही साय पसरू शकते, आणि तिची विचारणा कोणी करीत नाही.

याच दृष्टीने कुंटालाच्या फेसाकडे आणि आळंदीच्या फेसाकडे पाहिले पाहिजे. दोन्ही फेसांत कातडी थिजविणारे रेणू एकाच स्वभावाचे आहेत. फरक मागील हिशेबात आहे. अरण्यातील पाण्यावर कुजलेल्या पानांचे ऋण थोडे असते, आणि १५० फुटांच्या कड्यावर कोसळताना नदी ते फेडून वर शिल्लकही टाकते. मैदानातील संथ पैनगंगेला असा कडा नाही. तिच्या काठच्या गावांतील मोऱ्या, घाटावरची धुणी आणि वाढत्या नगरांचे सांडपाणी यांचा भार तिने मंद चालीनेच वाहावयाचा आहे. नदीला कडा देणे माणसाच्या हाती नाही. तिच्यावरचे ऋण वाढू न देणे मात्र त्याच्या हाती आहे, आणि सांडपाणी नदीत उतरण्यापूर्वीच शुद्ध करणे हा त्याचा एकमेव ज्ञात मार्ग होय. एका रेणूच्या उंचीची साय केवढ्या मोठ्या प्रवाहाचा श्वास रोखू शकते, हे आग्नेस पोकेल्स यांच्या भांड्यापासून माटुंग्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पुरेसे सिद्ध झाले आहे. आता त्या ज्ञानाने वागणे तेवढे उरले आहे.